ठिपक्यांपुरती मोटार

उस्मानपुऱ्यात गयास मिस्त्रींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून भट्टीत सुकवायची आणि मोटार पुन्हा फिरती करून द्यायची, हा त्यांचा धंदा. वार्निशच्या वाफेनं त्यांची छाती धरली. डॉक्टरांनी भट्टीजवळ बसायला मनाई केली, तेव्हा दुकान त्यांच्या एकुलत्या मुलीकडं, महेजबीनकडं आलं.

ती आयटीआय झालेली होती, पण खरं काम शिकली ती शाळा सुटल्यावर अब्बांचा डबा घेऊन येता येता. तिशी उलटली होती. लग्नाची बोलणी दोनदा होऊन मोडली होती, आणि आता घरात तो विषय फक्त तिची आई अख्तरी काढायची, तोही भाकरी थापताना, तिच्याकडं न बघता. सुरुवातीला गिऱ्हाईक दुकानात यायचं, इकडंतिकडं बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं गेले?" ती मान वर न करता सांगायची, "मीच आहे. ठेवा खाली."

दुष्काळाची ती सालं. बोअरचं पाणी खाली गेलं की पाण्यातला पंप कोरडा फिरतो, आणि कोरडा फिरला की जळतो. वैजापूर, कन्नड, फुलंब्री, सगळीकडून जळके पंप जीपच्या टपावर बांधून शहरात यायला लागले. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. अख्तरी म्हणायची, अल्लानं बरकत दिली. महेजबीनला तसं म्हणवत नसे.

कन्नडकडचे कडूबा नावाचे एक म्हातारे, मागंच भरून नेलेला पंप पुन्हा जळाला म्हणून घेऊन आले. तिनं मोटार उघडली, तारेवर बोट फिरवलं आणि झाकण परत लावलं.

"बोअरला पाणी हाय का, बाबा?"

"हाय थोडं. खाली गेलंय."

"मग हा भरून दिला तरी पुन्हा जळंल. आत्ता नका भरू. पाऊस झाला की आणा, मी आधी करून देईन."

कडूबा पायरीवर बसून राहिले. "तुम्हाला काम नको व्हय, बाई?"

"काम लई आहे," ती म्हणाली आणि त्यांना पाण्याचा तांब्या दिला. पंप त्यांनी तिथंच ठेवला. पुढं कितीतरी महिने तो कोपऱ्यात उभा होता आणि अब्बा दुपारी येऊन बसले की पाय लांब करायला अडचण व्हायची, पण तो हलवा असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

अशाच एका सकाळी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ पिशवी घेऊन दुकानात आले. मधुसूदन पिशोरकर. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून अख्खी नोकरी केलेले. कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली आणि आता त्या कालव्यांत पाणी नव्हतं. राहायला गारखेड्यात. त्यांना एक ट्रान्सफॉर्मर बांधून हवा होता.

"कशाला लागतोय?" महेजबीननं विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक चौकोनी मोटार काढून टेबलावर ठेवली. मुठीत मावेल एवढी. "घरी एक यंत्र बनवतोय. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि यंत्रानं ती लाकडात कोरायची. सीएनसी म्हणतात. या मोटारी ते चालवणार."

तिनं असली मोटार हातात धरली नव्हती. दांडी फिरवून बघितली. ती सरळ फिरेना, बोटाखाली टकटक करत, थबकत थबकत फिरली. मागून निघालेल्या चार तारांपैकी दोन तिनं एकमेकींना टेकवल्या आणि पुन्हा फिरवलं. दांडी एकदम जड झाली. ती हसली. "ही एक जोडी. उरलेल्या दोन म्हणजे दुसरी."

पिशोरकरांना फार आनंद झाला. ते स्टूल ओढून बसले. ही स्टेपर मोटार, त्यांनी सांगितलं. एक इशारा मिळाला की एक पाऊल सरकते आणि तिथंच घट्ट उभी राहते. पण पाऊल खरंच पडलं का, हे कुणी बघत नाही. दुसरा प्रकार सर्वोचा. तिच्या पाठीवर एक डोळा बसवलेला असतो. आपण किती फिरलो ते तो सतत कळवत राहतो. कमी पडलं तर मोटार भरून काढते, अगदीच जमलं नाही तर थांबून सांगते. "इंटरनेटवर सगळे म्हणतात सर्वो चांगली. पण ती महाग, आणि जुळवायला कटकट. मी म्हटलं, आधी हिच्यावर बघू."

"कोरायचं काय आहे, काका?"

"आमच्या हिला काचबिंदू आहे. नजर कडेकडेनं गेली, आता मधलंही जातंय. लग्न होऊन आली त्या दिवसापासून दारात रोज रांगोळी काढत आली. आता रेघ कुठं जाते ते तिला दिसत नाही. म्हणून म्हटलं, लाकडी पाटीवर नक्षीची खाच पाडून द्यावी. खाचेतून बोट फिरवत रांगोळी सोडायची. चुकणार नाही."

महेजबीननं ट्रान्सफॉर्मर त्याच आठवड्यात बांधला. हातातली कामं बाजूला सारून बांधला, म्हणून घरी बोलणीही खाल्ली.

यंत्र गारखेड्याच्या घरात मागच्या खोलीत होतं. बाजूचे जुने बंगले पाडून तिथं इमारती उभ्या राहात होत्या आणि खिडकीतून सिमेंटची धूळ यायची, म्हणून पिशोरकरांनी खिडकीला ओली चादर लावली होती. पाणी टंचाईचं झालं तशी ती कोरडीच राहायला लागली. ट्रान्सफॉर्मर द्यायला म्हणून गेलेली महेजबीन मग दर शुक्रवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, जायला लागली. पट्टे ताणायचे, स्क्रू घट्ट करायचे, तारा नीट बांधायच्या. रेखाटनात पिशोरकरांचा हातखंडा, तारेच्या कामात तिचा. दोघांचं जमलं.

अनसूयाकाकू चहा घेऊन यायच्या. भिंतीला एक बोट लावून चालायच्या, पण कप कधी सांडला नाही. त्यांना नवरा काहीतरी बनवतोय एवढंच माहीत होतं. काय ते त्यांनी विचारलं नाही. मोटारी चालायच्या तेव्हा मात्र त्या दाराशी उभ्या राहायच्या. स्टेपर चालताना गाते. आडवी जाताना एका सुरात, उभी जाताना दुसऱ्या, तिरकी जाताना दोन्ही मिसळून.

"आता कडेला गेली," काकू म्हणायच्या. "आता परत निघाली." आणि ते बरोबर असायचं.

पहिली पाटी निघाली ती अष्टदल कमळाची. पिशोरकरांनी पॉलिश पेपरनं ती मऊ केली, पुसली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी तर्जनी खाचेत घातली आणि पाकळीमागून पाकळी फिरवत नेली. शेवटच्या पाकळीपाशी बोट थांबलं. मागं गेलं, पुन्हा आलं.

"इथं जुळत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटची पाकळी पहिलीला मिळत नाही. शेजारी पडलीय."

पिशोरकरांनी चष्मा लावून बघितलं. फरक इतका बारीक होता की नुसत्या नजरेतून सुटला असता. पण होता. त्यांचा चेहरा उतरला. काकूंनी पाटी बाजूला ठेवली, छान आहे म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या.

दुसरी पाटी चांगली निघाली. तिसरी पुन्हा सरकली. यंत्र मधेच कुठंतरी पावलं चुकायचं आणि त्याला पत्ताही नसायचा. चुकलेल्या जागेलाच बरोबर समजून ते पुढचं सगळं कोरत जायचं.

"हेच तर," पिशोरकर म्हणाले. "आंधळी मोटार आहे ती." शब्द तोंडातून निघून गेला होता. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता.

कारण सापडलं ते पुढच्या शुक्रवारी. गल्लीत नळाला पाणी आलं आणि घराघरातून नळाला लावलेल्या मोटारी सुरू झाल्या. डोक्यावरचा पंखा मंदावला. त्याच क्षणी यंत्राच्या गाण्यात एक ठोका चुकला. पिशोरकरांनी मीटर लावला आणि काटा महेजबीनला दाखवला. विजेचा दाब खाली आला होता.

"आधीच्या दोन्ही वेळी पण पाण्याचाच दिवस होता," ते म्हणाले.

महेजबीननं ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. "काका, हे माझं चुकलं. मी जेमतेम बांधला. घाई केली. विजेचा दाब उतरला की याच्यात जोरच उरत नाही."

"तुझं काय चुकलं? आठवड्यानं येणारं पाणी, सगळी गल्ली तुटून पडते." पण त्यांच्या मनानं घेतलं होतं. सर्वोच बसवायची.

त्या दिवशी घरी तिनं अब्बांना सगळं सांगितलं. गयासभाई मोटारींबद्दलचं बोलणं तेवढं मन लावून ऐकायचे. "उसकू मालूमच नै पडता, मैं कां हूं करके?" त्यांनी विचारलं.

"नै अब्बा. बोले उत्ता चलती. ठोकर खाई तो बी चलती."

गयासभाईंनी छातीतली घरघर सांभाळली. मग म्हणाले, "तो उसकू ठोकर नक्को लगने देना."

चिकलठाण्याकडं भंगाराचा व्यापार करणारे एक ओळखीचे होते. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या यंत्रातून निघालेल्या सर्वो मोटारी त्यांनी महेजबीनला बघायला म्हणून दिल्या. पिशोरकरांनी लेकराला घ्यावं तशा त्या हातात घेतल्या. जोर भरपूर, वेग भरपूर, चालताना आवाज जवळजवळ नाहीच. पण जुळता जुळेनात. थांबायच्या जागी आल्या की थांबत नव्हत्या. किंचित पुढं, किंचित मागं, अशा जागच्या जागी थरथरत राहायच्या. जोर कमी करावा तर आळसावायच्या, वाढवावा तर थरथर वाढायची. पिशोरकर दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे बदलत बसायला लागले. जेवणाला दोनदोनदा हाक मारावी लागायची. असे कितीतरी आठवडे गेले.

एका शुक्रवारी महेजबीन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. काकू ताटात मूग घेऊन निवडत होत्या. डोळे समोरच्या भिंतीकडं, बोटं खडा शोधत होती.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र? हल्ली गात नाही."

"दुसऱ्या मोटारी लावल्यात, काकू. त्यांना आवाज नसतो."

"अस्सं." काकूंनी एक खडा बाजूला काढला. "मला आवडायचं ते. कुठं चाललंय ते कळायचं."

महेजबीन ओट्याला टेकून उभी राहिली. काकू पुढं काही बोलतील असं तिला वाटलं, आणि त्या बोलल्या.

"महेजबीन, तुला म्हणून सांगते. त्यांना नको सांगूस, इतके दिवस राबतायत. मला ती खाचेतली रांगोळी नकोय गं. रुळावरून गाडी ढकलल्यासारखं बोट ढकलायचं, त्यात माझं काय? ती यंत्राची रांगोळी झाली. मी रोज वेगळी काढायची. काल मोर काढला तर आज कासव. रात्रभर डोक्यात फिरायची, सकाळी हातातून उतरायची. हात अजून विसरला नाही. रेघ मी ओढीन. मला फक्त ठिपके सापडत नाहीत."

"ठिपके म्हणजे?"

काकूंनी ताटातले मूग एका कडेला सारले आणि रिकाम्या जागेत एक एक दाणा अंतरानं ठेवत ओळी मांडल्या. ओळी वाकड्या गेल्या, दाणे घरंगळले. पण महेजबीनला कळलं. तिच्या घरात रांगोळी काढत नसत. तरी शेजारच्या दारात ती लहानपणापासून बघत आली होती. आधी ठिपके, मग त्यांच्यामधून वळत जाणारी रेघ.

"ठिपके सरळ पडले की पुढचं सगळं माझं," काकू म्हणाल्या.

महेजबीन मागच्या खोलीत परत गेली. पिशोरकर पडद्याला नाक लावून बसले होते. तिनं काही सांगितलं नाही. कोपऱ्यातली वाया गेलेली एक पाटी उचलली, उलटी केली, पट्टीनं खुणा केल्या आणि हातातल्या ड्रिलनं उथळ खळगे पाडत गेली. फार सरळ काही आले नाहीत. मग ती म्हणाली, "काका, जरा बाहेर या."

तिनं पाटी काकूंसमोर जमिनीवर ठेवली आणि रांगोळीचा डबा त्यांच्या हातात दिला. काकूंनी डबा उजव्या बाजूला ठेवला. मग डाव्या हाताची बोटं पाटीवर पसरून त्यांनी खळगे चाचपले, आणि उजव्या हाताच्या चिमटीतून रांगोळी सुटायला लागली. डावं बोट पुढं जाऊन ठिपका शोधायचं, उजवा हात मागून रेघ घेऊन यायचा. रेघ एका ठिकाणी जाड झाली, एका ठिकाणी फाटली. कासव तयार झालं. शेपटी त्यांनी ठिपक्यांच्या बाहेर, अंदाजानंच काढली.

पिशोरकर गुडघ्यावर बसले होते. ते कासवाकडं बघत नव्हते, काकूंच्या हाताकडं बघत होते.

"ठिपके हवे होते तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बोलली नाहीस."

"तुम्ही इतक्या हौसेनं करत होतात."

"मी विचारलं पण नाही," पिशोरकर म्हणाले. त्यांनी काकूंच्या बोटांवर लागलेली रांगोळी आपल्या शर्टाच्या टोकानं पुसली. काकूंनी पुसू दिली. महेजबीन पाणी प्यायला आत निघून गेली, पाणी मघाशीच पिऊन झालं होतं तरी.

नंतर दोघं यंत्रापाशी आले तेव्हा पिशोरकरांनी सर्वोकडं बघून सुस्कारा टाकला. "आता हिचं काय करायचं?"

"परत देऊ, काका. नक्षी सरसर कोरायची असती तर हीच पाहिजे होती. आपल्याला जायचं, थांबायचं, टोचा मारायचा, उचलायचं. घाई कुठंच नाही. लाकडाचा विरोध पण नाही, मोटार सरकते तेव्हा पातं वरच असतं. थांबल्यावर घट्ट उभं राहायचं काम स्टेपर चांगलं करते."

"आणि पावलं चुकली तर?"

"वेग कमी ठेवू. ट्रान्सफॉर्मर मी नवा बांधते, दमदार. आणि पाण्याच्या दिवशी चालवायचंच नाही."

पिशोरकरांनी विचार केला. आरेखकाच्या सवयीनं कागद ओढून त्यांनी एक गोष्ट वाढवली: प्रत्येक ओळ संपली की यंत्रानं घरी, म्हणजे कोपऱ्यातल्या खुणेवर परत यायचं, कळ दाबून आपली जागा नव्यानं धरायची आणि मगच पुढची ओळ घ्यायची. मागची चूक पुढं जाणार नाही. महेजबीनला हे सुचलं नव्हतं. तिनं ते लगेच मानलं.

नवी पाटी बनत होती तेव्हा काकू खुर्ची घेऊन आत बसल्या. यंत्र पुन्हा गात होतं. ओळ संपायची, लांब सूर काढत कोपऱ्यात जायचं, टक् करून परत निघायचं. मधेच काकूंनी हात वर केला. "अडखळली."

पिशोरकरांनी बंद करून बघितलं. पट्ट्यावर लाकडाचा भुसा साचला होता. ब्रशनं झाडून पुन्हा सुरू केलं, ती ओळ कोपऱ्यापासून परत घेतली. त्यानंतर काकू आत बसल्याशिवाय त्यांनी यंत्र चालवलं नाही.

सकाळी दारात पाटी पडायला लागली. सडा घालायला पाणी नव्हतंच; काकू ओल्या फडक्यानं उंबरा पुसायच्या आणि पाटी मांडायच्या. रेघा जाड बारीक व्हायच्या. समोरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या भामाबाई, ज्यांना दारापुढं फरशीचा हातभर तुकडा तेवढा मिळाला होता, त्यांनी आपल्याला अशीच छोटी पाटी मागितली, ठिपके दिसत असूनही. मग त्यांच्या वरच्या मजल्यावरच्यांनी मागितली. पिशोरकरांचे दिवस भरले.

पुढं पाऊस झाला. शहर बायपासच्या पलीकडं पसरत गेलं. काकूंची नजर पूर्ण गेली. ते एका सकाळी नव्हे, हळूहळू झालं, आणि नेमकं कधी ते काकूंनी कुणाला सांगितलं नाही. पिशोरकरांची मुलगी मनस्विनी नाशिकला होती. ती दोघांना तिकडं न्यायला आली. निघायच्या आधी पिशोरकरांनी महेजबीनला बोलावून सांगितलं, "यंत्र तू घेऊन जा. पाट्या हिनं बांधून घेतल्यात, पुष्कळ आहेत. तुझ्या कामाला येईल."

ती नको म्हणत होती. काकूंनी तिचा हात धरला, बोटांवरून आपली बोटं फिरवली, तारेनं कापल्याच्या जुन्या खुणांवरून. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "बंद राहिलं तर गंजेल."

टेम्पोतून यंत्र उस्मानपुऱ्यात आलं. दुकानात ते काही दिवस झाकूनच होतं. मग एकदा एका जुन्या परदेशी पंपाची मोटार आली. तिची गुंडाळी कुठल्याच फर्म्यावर बसेना. फर्मा म्हणजे ज्या लाकडी साच्यावर तारेचं वेटोळं घेतात तो. अब्बा तो करवतीनं आणि कानशीनं घासून हातानं बनवायचे, आणि आता त्यांच्यात तेवढा दम नव्हता. महेजबीननं माप घेतलं, पिशोरकरांनी शिकवलं होतं तसं कॉम्प्युटरवर रेखाटलं, प्लायवूडचा तुकडा बसवला आणि यंत्र सुरू केलं.

गयासभाई पायरीवर बसून लिमलेटची गोळी चघळत होते. सूर ऐकून त्यांनी मान वळवली. तुकडा कापून झाला तेव्हा महेजबीननं तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कोपरे बघितले. आपल्या हातच्या कामालाही ते कधी चांगलं म्हणत नसत.

"अच्छा बना," ते म्हणाले, आणि तुकडा परत न देता मांडीवर ठेवून घेतला. थोड्या वेळानं, यंत्राकडं बघत, "और एक काट. मैं सुनता बैठूंगा."

महेजबीननं नवा तुकडा लावला.